डिझेल इंजिनाचें तेल व डब्यावरील लेख

बैलगाडीच्या आंसास वंगण घालणें हें काम पूर्वीं घरांतील लहान मुलासही येत असे. गाडीखालीं टांगलेलें वंगणाचें नळकांडें, त्यांत एरंडेल किंवा दुसरें कोणतेंही हातीं लागेल तें तेल, आणि चाक कुरकुरूं लागलें कीं दोन थेंब. एवढीच ती विद्या होती. गाडी गेली, बैल गेले, आणि त्यांच्या जागीं ट्रॅक्टर, पॉवर टिलर व पाण्याचे पंप आले. वंगणाची गरज मात्र गेली नाहीं. उलट ती वाढली आणि कठीण झाली. आतां वंगण डब्यांत येतें, डब्यावर इंग्रजी अक्षरें व आंकडे असतात, आणि तीं वाचल्यावांचून जो डबा उघडतो त्याचें इंजिन दुकानदाराच्या भरंवशावर चालतें. म्हणून हा लेख कसा वाचावा याविषयीं वाचक बंधूंस चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भिवंडी तालुक्यांतील अंजूर हें आमचें गांव. वसईच्या मोहिमेंत (१७३७-३९) नांवाजलेल्या गंगाजी नाइकांचें गांव म्हणून तें इतिहासांत ठाऊक आहे. आज मात्र अंजुराचें नांव घेतांच लोकांस आठवतो तो अंजूर फाटा, तेथील मालमोटारींच्या रांगा आणि चहूंकडील गोदामें. पुष्कळ भातखाचरें गोदामांखालीं गेलीं. जीं राहिलीं त्यांवर पावसाळीं भात व मागून वाल घेणारे आपण थोडे लोक उरलों आहों. गडीमाणसें गोदामांच्या कामास जातात, सबब चिखलणी यंत्रावांचून होत नाहीं. लावणीचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत इंजिन बंद पडलें तर त्याची किंमत दुरुस्तीच्या बिलांत मावत नाहीं, ती सबंध हंगामांत मोजावी लागते.

दुसरी अडचण अशी कीं फाट्यावरील तेलाचीं दुकानें मुख्यत्वें मालमोटारींसाठीं आहेत. तेथें जें खपतें तेंच शेतकऱ्याच्या हातीं दिलें जातें; आणि अलीकडे ‘सिंथेटिक घ्या, महाग आहे पण उत्तम आहे’ असा आग्रहही होऊं लागला आहे. हा आग्रह कितपत खरा, हें पाहिलें पाहिजे.

तेल इंजिनांत काय करतें

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरानें १८९२ सालीं आपल्या यंत्राची सनद मागितली व १८९७ सालीं चालतें यंत्र लोकांस दाखविलें. त्या यंत्रांत ठिणगी नसते; हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. त्यामुळें पिस्टन, रिंगा व बेअरिंगें यांवर मोठा दाब येतो, आणि जळणांतून काजळी निघते. म्हणून डिझेल इंजिनाच्या तेलास एक नव्हे तर पांच कामें करावीं लागतात. तें धातूवर धातू घासूं देत नाहीं. पिस्टनाची उष्णता वाहून नेतें. रिंगांची फट भरून दाब राखतें. काजळीचे कण गोळा होऊं न देतां आपल्यांत तरंगत ठेवतें. आणि जळणांतून उत्पन्न होणारीं आम्लें मारतें. यांपैकीं शेवटचीं दोन कामें नुसत्या तेलाच्यानें होत नाहींत. त्यासाठीं त्यांत औषधीं द्रव्यें मिसळावीं लागतात. डब्यांतील मालांत साधारणपणें तीन चतुर्थांशाहून अधिक भाग मूळ तेलाचा व बाकीचा या द्रव्यांचा असतो.

यावरून एक गैरसमज दूर होतो. तेल लौकर काळें पडलें म्हणजे तें वाईट, असें पुष्कळ लोक समजतात. डिझेल इंजिनांत खरें याच्या उलट आहे. काजळी तेलांत आली म्हणून तेल काळें झालें. ती तेलांत आली नसती तर रिंगांच्या खोबणींत जाऊन बसली असती. काळें पडणें ही तेल काम करीत असल्याची खूण होय.

दाटपणाचा आंकडा

सातबाराचा उतारा हातीं आला कीं जाणता माणूस वरचा शिक्का पाहून थांबत नाहीं. भूमापन क्रमांक, क्षेत्र, कब्जेदार व इतर हक्क हीं सदरें एकामागून एक वाचतो. तेलाच्या डब्याचेंही तसेंच आहे. पुढच्या बाजूस चित्र व मोठीं नांवें असतात. कामाचा मजकूर बहुधा मागें बारीक अक्षरांत असतो.

पहिलें सदर एस.ए.ई. हें होय. अमेरिकेंतील मोटार इंजिनिअरांची ही संस्था १९०५ सालीं स्थापन झाली व १९११ सालीं तिनें तेलाच्या दाटपणाचें पहिलें कोष्टक केलें. ‘१५डब्ल्यू-४०’ असें लिहिलेलें असल्यास त्यांत दोन आंकडे आहेत. ‘डब्ल्यू’ हें हिंवाळ्याचें अक्षर. त्याच्या मागचा आंकडा थंडींत इंजिन फिरविण्याच्या वेळचा दाटपणा सांगतो. आंकडा जितका लहान तितकें तेल थंडींत पातळ. पुढचा ४० हा आंकडा तापलेल्या इंजिनांतील दाटपणाचा आहे. १०० अंश सेंटिग्रेडवर ज्या तेलाचा दाटपणा १२.५ पासून १६.३ सेंटिस्टोकच्या आंत भरतो तें ४० च्या वर्गांतील; त्याहून दाट, २१.९ च्या आंतील, तें ५० च्या वर्गांतील.

आतां आपल्या हवेचा विचार करावा. ‘२०डब्ल्यू’ तेलाची परीक्षा शून्याखालीं १५ अंशांवर, ‘१५डब्ल्यू’ ची शून्याखालीं २० अंशांवर आणि ‘५डब्ल्यू’ ची शून्याखालीं ३० अंशांवर घेतात. ठाणें जिल्ह्यांत पौष महिन्याच्या पहांटेसही पाणी गोठत नाहीं. मग जो ‘५डब्ल्यू-४०’ हा महाग डबा आपणांपुढें ठेवला जातो, त्याचा थंडींतील मुख्य गुण लडाखांत उपयोगी पडेल; अंजुरास तो जवळजवळ पडूनच राहील. तापल्यावर दोघेही ४० च याच वर्गांतील. इतकेंच नव्हे, तर १५० अंशांवर व जोराच्या घर्षणांत तेलानें किती दाटपणा राखावा याची जी किमान मर्यादा आहे, ती ‘१५डब्ल्यू-४०’ साठीं ३.७ व ‘५डब्ल्यू-४०’ साठीं ३.५ मिलिपास्कल-सेकंद अशी आहे. ज्याच्या इंजिनाच्या पुस्तकांत ‘१५डब्ल्यू-४०’ किंवा ‘२०डब्ल्यू-४०’ लिहिलें आहे, त्यानें तेंच वापरावें. त्यांत कमीपणा नाहीं.

येथें एका घोटाळ्याची सूचना देणें जरूर आहे. गिअरच्या तेलावरही एस.ए.ई. हींच अक्षरें असतात आणि पुढें ९० सारखा मोठा आंकडा असतो. तें कोष्टक निराळें आहे. गिअरचें ९० हें इंजिनाच्या ४० किंवा ५० इतकेंच साधारण दाट असतें. परंतु त्यांत काजळी धरून ठेवणारीं द्रव्यें नसतात. गिअरच्या दांत्यांसाठीं लागणारीं गंधकयुक्त द्रव्यें असतात. आमच्या परिचयाच्या एका खातेदारानें भर लावणींत ‘मोठा आंकडा म्हणजे जड व टिकाऊ तेल’ अशा समजुतीनें ९० चा डबा आणून टिलरच्या इंजिनांत ओतला. पंधरवड्याच्या आंत यंत्राची ओढ गेली व निळा धूर येऊं लागला. मिस्त्रीनें उघडून पाहिलें तों रिंगा चिकटून बसल्या होत्या. सुटे भाग येऊन इंजिन जोडून होईपर्यंत रोपें तरव्यांत जून झालीं. चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरानें, शेजाऱ्यांचीं कामें उरकल्यावर झाली. उशिरां लावलेल्या जून रोपांस फुटवे थोडे आले, आणि त्या सालीं त्या घरास खाण्यापुरतें भातही पुरलें नाहीं.

दर्जाचीं अक्षरें

दाटपणा म्हणजे दर्जा नव्हे. दर्जा सांगणारें सदर ए.पी.आय. हें होय. १९१९ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेचीं हीं अक्षरें आहेत. ‘एस’ नें सुरू होणारीं अक्षरें पेट्रोलच्या इंजिनांसाठीं व ‘सी’ नें सुरू होणारीं डिझेलच्या इंजिनांसाठीं असतात. पुढचें अक्षर वर्णमालेंत जितकें पुढें तितकी परीक्षा नवी व कडक. सीएफ-४ ही १९९० च्या सुमाराची पायरी. तिला त्या संस्थेनेंच आतां कालबाह्य ठरविलें आहे. सीएच-४ ही १९९८ ची, सीआय-४ ही २००२ ची, सीजे-४ ही २००६ ची व सीके-४ ही २०१६ ची. ‘सीआय-४/एसएल’ अशी जोडी असल्यास तेल मुख्यतः डिझेलसाठीं असून पेट्रोलच्या इंजिनासही चालेल असा अर्थ होतो.

सामान्यतः नवी पायरी जुन्या इंजिनास चालते; जुनी पायरी नव्या इंजिनास चालत नाहीं. याला एक अपवाद लक्षांत ठेवावा. एफए-४ म्हणून सीके-४ च्या बरोबरच निघालेला एक पातळ तेलाचा वर्ग आहे. तो कांहीं ठराविक नव्या इंजिनांसाठींच आहे. पुस्तकांत तो स्पष्ट लिहिला नसेल तर त्यास हात लावूं नये.

१ एप्रिल २०२० पासून देशभर जें डिझेल मिळतें त्यांत गंधकाचें प्रमाण दहा लक्ष भागांत १० भागांहून अधिक नसतें. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. अशा ट्रॅक्टरांपैकीं कांहींच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. तेलांतील धातुयुक्त द्रव्यें जळून जी राख उरते ती या गाळणींत सांठते आणि पुन्हां जळून जात नाहीं. म्हणून सीजे-४ व सीके-४ तेलांत राखेचें प्रमाण एक टक्क्याच्या आंत ठेवलेलें असतें. ज्यांच्या यंत्रास अशी गाळणी आहे त्यांनीं स्वस्त म्हणून जुन्या पायरीचें तेल घातल्यास गाळणी तुंबेल, आणि तिची किंमत तेलाच्या कित्येक डब्यांहून अधिक आहे. ज्यांचा ट्रॅक्टर जुना व साधा आहे त्यांस सीएच-४ किंवा सीआय-४ पुरेसें असतें.

मालकी कोणती व दावा कोणता

महसुली कामांत मालकी आणि नुसता हक्काचा दावा यांत भेद करावा लागतो. डब्यावरही हा भेद आहे. ए.पी.आय. संस्थेचें गोल चिन्ह परवाना घेतल्यावांचून छापतां येत नाहीं. त्या चिन्हाच्या वरच्या अर्धुकांत दर्जाचीं अक्षरें व मधोमध दाटपणाचा आंकडा असतो. चिन्ह नसून नुसतें ‘सीआय-४ ची पात्रता पुरी करतें’ असें लिहिलें असेल तर तें कारखानदाराचें स्वतःचें सांगणें आहे. तें खोटेंच असतें असें नव्हे. नांवाजलेल्या कारखान्याचें सांगणें बहुधा खरें असतें. पण अनोळखी नांवाच्या डब्यावर तेवढ्याच आधारावर विसंबूं नये. ट्रॅक्टर करणाऱ्या कंपनीनें एखाद्या तेलास नांवानें मान्यता दिली असेल तर ती अधिक वजनाची. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचें इंजिनाच्या तेलासाठीं आय.एस. १३६५६ हें मानक आहे. त्याचा उल्लेख डब्यावर आहे कीं नाहीं हेंही पाहावें.

‘सिंथेटिक’ या शब्दाचा अर्थ

आतां मुख्य आग्रहाकडे वळूं. खनिज तेल जमिनींतून निघतें व शुद्ध करून वापरतात. सिंथेटिक म्हणजे रसायनशाळेंत लहान अणुसमूह जोडून बनविलेलें, असा मूळ अर्थ. ए.पी.आय. संस्थेनें मूळ तेलाचे पांच गट केले आहेत. पहिले तीन खनिज तेलापासून निघतात. त्यांत पहिल्यापेक्षां दुसरा व दुसऱ्यापेक्षां तिसरा अधिक शुद्ध. चौथा गट खऱ्या अर्थानें जोडून केलेला, आणि बाकीचीं सर्व तेलें पांचव्यांत. आमच्या मुंबईजवळ माहूल येथील तेलशुद्धि कारखान्यांतही वंगणाचीं मूळ तेलें तयार होतात. एरंडेलही या यादींत परकें नाहीं. कॅस्ट्रॉल हें प्रसिद्ध नांव एरंडाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलें.

तिसऱ्या गटाचें तेल हायड्रोजनच्या साहाय्यानें मोठ्या दाबाखालीं इतकें पालटलेलें असतें कीं गुणानें तें चौथ्याच्या जवळ येतें. त्यास सिंथेटिक म्हणावें कीं नाहीं यावर अमेरिकेंत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला आणि १९९९ सालीं तेथील जाहिरातींच्या पंचांनीं म्हणण्यास हरकत नाहीं असा निवाडा दिला. तेव्हांपासून पुष्कळ ठिकाणीं तिसऱ्या गटाचें तेलही ‘पूर्ण सिंथेटिक’ या नांवानें विकलें जातें. ‘सेमी-सिंथेटिक’ या शब्दांत तर मिश्रणाचें ठराविक प्रमाणच नाहीं. तात्पर्य, ‘सिंथेटिक’ हा शब्द तेल कशापासून व कसें केलें याचा सुगावा देतो. तें आपल्या इंजिनाच्या परीक्षेस उतरतें कीं नाहीं हें सांगत नाहीं. तें सांगण्याचें काम दर्जाच्या अक्षरांचें. सीएफ-४ अक्षरांचें सिंथेटिक तेल व सीआय-४ अक्षरांचें खनिज तेल पुढें ठेवलें, आणि पुस्तकांत सीआय-४ असेल, तर खनिज तेलच घेतलें पाहिजे.

याचा अर्थ सिंथेटिक तेल ही लबाडी आहे असा नव्हे. तें उष्णतेनें सावकाश बिघडतें, थंडींत लौकर पसरतें, व कमी उडून जातें. टर्बोचार्जर असलेलें इंजिन रात्रंदिवस जड ओझ्यानें चालत असेल, किंवा कंपनीनें त्या तेलावर बदलण्याची मुदत लेखी वाढवून दिली असेल, तर त्याची जादा किंमत वसूल होते. हिशेब असा करावा. समजा, इंजिनांत ८ लिटर तेल मावतें, वर्षांत ५०० तास काम होतें, आणि पुस्तकांत २५० तासांनीं तेल बदलावें असें आहे. वर्षांत १६ लिटर तेल लागेल. साधें तेल लिटरास ३५० रुपये धरल्यास ५,६०० रुपये, व सिंथेटिक ७५० रुपये धरल्यास १२,००० रुपये होतात. फरक ६,४०० रुपये. मुदत वाढली नाहीं तर तेल दोन्हीं वेळां २५० तासांनींच ओतून द्यावयाचें. मग या रकमेच्या बदल्यांत हातीं फारसें कांहीं पडत नाहीं. तोच पैसा तेलाची व हवेची गाळणी वेळेवर बदलण्यांत घातला तर इंजिनाचें आयुष्य खात्रीनें वाढतें. धूळ आंत गेली तर कोणतेंही तेल तिला घासण्यापासून थांबवीत नाहीं.

नकली मालापासून सावधगिरी

नकली तेल बहुधा खऱ्या डब्यांतच येतें. रिकामे डबे भंगारवाल्याकडून जमवितात, त्यांत जुनें गाळलेलें तेल भरतात व नवें झांकण बसवितात. बोटांवर चोळून, वास घेऊन किंवा रंग पाहून नवीन तेलाचा दर्जा कळत नाहीं. हिरवा किंवा तांबडा रंग हा नुसता घातलेला रंग असतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात. पिंपांतून मोजून दिलेलें सुटें तेल घेऊं नये. झांकणाची कडी अखंड आहे व आंतील चकतीचें सील नीट चिकटलेलें आहे हें दुकानांतच पाहावें. २०११ च्या नियमांप्रमाणें बंद मालावर कारखानदाराचें नांव-पत्ता, निव्वळ माप, तयार केल्याचा महिना व साल, कमाल विक्री किंमत आणि तक्रारीचा पत्ता असलाच पाहिजे. यांतील एकही सदर कोरें असेल तर डबा परत करावा. पक्की पावती घ्यावी व तीवर तेलाचें पूर्ण नांव, आंकडा आणि अक्षरें लिहवून घ्यावीं. आणि आपला रिकामा डबा भंगारांत देण्यापूर्वीं त्याला खिळ्यानें दोन भोकें पाडावीं. प्रत्येकानें एवढें केलें तर आपल्याच डब्यांतून आपल्याच शेजाऱ्यास फसविलें जाणार नाहीं.

तेल घातल्यावर

रोज सकाळीं यंत्र सपाट जमिनीवर उभें करून, इंजिन थंड असतां, पट्टी पुसून तेलाची पातळी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्यें असावी. ती आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानूं नये; तेलांत डिझेल किंवा पाणी उतरत आहे. तेल ताकासारखें पांढुरकें झालें असल्यास पाणी निश्चित समजावें व इंजिन चालू न करतां मिस्त्रीस बोलवावें. चिखलणींत यंत्र चाकापर्यंत पाण्यांत असतें, म्हणून भरण्याच्या तोंडाचें झांकण व त्याची रबरी चकती मृगापूर्वीं तपासावी. तेल बदलतांना इंजिन गरम असावें, म्हणजे काजळी तेलाबरोबर बाहेर पडते. आणि गाळणी त्याच वेळीं बदलावी. तास पुरे झाले नसले तरी वर्षांतून एकदां, पावसापूर्वीं, तेल बदलणें हिताचें.

काढलेलें तेल बांधावर किंवा ओढ्यांत ओतूं नये. २०१६ च्या नियमांप्रमाणें तें घातक टाकाऊ पदार्थांत मोडतें. त्यांत झिजलेल्या धातूचे कण व जळणाचे विषारी अंश असतात. ओढ्यांतून तें खाचरांत आणि खाडींत उतरतें. तें घट्ट झांकणाच्या डब्यांत सांठवून, जेथें जुनें तेल अधिकृतपणें गोळा होतें अशा गॅरेजांत द्यावें.

शेवटीं आमची सूचना एवढीच. यंत्राबरोबर मिळालेलें पुस्तक शोधून काढावें. हरवलें असेल तर विक्रेत्याकडून त्या मॉडेलचें मागून घ्यावें. त्यांतील तेलाचें पान उघडून दाटपणाचा आंकडा, दर्जाचीं अक्षरें, किती लिटर व किती तास, या चार गोष्टी एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून त्या यंत्र ठेवण्याच्या जागीं भिंतीवर लावाव्या. खालीं तारीख व तास लिहिण्यास चार ओळी मोकळ्या सोडाव्या. पुढच्या वेळीं फाट्यावर जातांना तोच कागद खिशांत असावा, आणि दुकानदाराचें म्हणणें ऐकण्यापूर्वीं डब्याची मागची बाजू त्या कागदाशीं पडताळून पाहावी.